देव्हाऱ्यात राहिलेली पिन

पोकलेनच्या कपलरची सेफ्टी पिन मी घरच्या देव्हाऱ्यात विसरलो आणि तिच्या जागी बाभळीची खुंटी ठोकून मशीन चालू केलं. यात मशीनची काही चूक नव्हती, कपलरची नव्हती आणि बाभळीचीही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगताना मी स्वतःला थोडंफार सांभाळून घेणार आहे. वाचणाऱ्यानं फसू नये.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं. पोकलेनचा जो लांब हात असतो, त्याच्या टोकाला माती उचलायची बकेट असते. खडक लागला की बकेट काढून तिथं ब्रेकर लावायचा, म्हणजे खडक फोडायची भली मोठी छिन्नी. फोडून झालं की ब्रेकर काढायचा आणि दगड उपसायला पुन्हा बकेट. विहिरीच्या कामात ही अदलाबदल दिवसातून चार-पाच वेळा होते. पूर्वी दर वेळी मनगटाएवढ्या जाड दोन पिना घणानं ठोकून काढाव्या लागत. पिन शहाण्यासारखी वागली तर तास, रुसली तर अख्खी सकाळ. माझ्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं आहे ते त्याच काळातलं. घणही मीच मारत होतो आणि पिनही मीच धरली होती.

मग मी क्विक कपलर बसवला. सेकंडहँड, पण बसवला. मशीनच्या हाताला एक लोखंडी जबडा. केबिनमध्ये बसून बटण दाबलं की जबडा उघडतो आणि बकेट सुटते. ब्रेकरवर नेऊन टेकवला, पुन्हा बटण दाबलं, की ब्रेकर पकडतो. दोन मिनिटांचं काम. फक्त पकडल्यावर खाली उतरून जबड्याच्या मागं हातभर लांबीची एक पिन घालायची, म्हणजे तेलाचा दाब कमी झाला तरी जबडा आपोआप उघडायचा नाही. दाराला जशी कडी, तशी ही पिन.

कपलर आल्यापासून मी माणसांत राहिलो नाही. भेटेल त्याला धरून कपलर समजावून सांगायचो. एका लग्नात तर वाढप्याच्या हातातला डाव काढून घेतला आणि तो आमटीच्या बादलीत सोडून, पुन्हा उचलून, पुन्हा सोडून जबडा कसा पकडतो ते शेजारच्या पाहुण्यांना दाखवलं. अर्धी पंगत कोरडा भात घेऊन माझ्याकडं बघत बसली होती. बायको पलीकडच्या रांगेत होती. तिनं घरी आल्यावर एवढंच विचारलं, "आवं, आपली वळख न सांगता जेवता येत न्हाई का तुमाला?"

असा मी, आणि असं माझं मशीन, नवरात्राच्या आधी आटपाडीच्या बाजूला एका विहिरीच्या कामावर गेलो. आमचं गाव पाटणकडचं. आमच्याकडं पावसाळ्यात माणसाच्या अंगावर शेवाळ धरायचं तेवढं बाकी राहतं. तिकडं माळ, बोरी, बाभळी आणि लांबवर मेंढरं. विहीर होती एका धनगर नवरा-बायकोची. दोघं साठीच्या पुढची. म्हाताऱ्याला मी मामा म्हणायला लागलो आणि म्हातारीला मावशी. नातं कसं जुळतंय हे मामांनी एकदा विचारलं, पण मी बोलत राहिल्यामुळं त्यांनी नाद सोडला.

त्यांच्याकडं दर वर्षी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी वाडा हलतो. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, सामान लादलेली घोडी, कुत्री, पाट्यांखाली झाकलेल्या कोंबड्या, असं सगळं मिळून चालणारं बिऱ्हाड. तिकडचं गवत संपत आलं की ही माणसं पश्चिमेला, आमच्या डोंगरांकडं आणि पुढं कोकणाकडं चालत जातात आणि पावसाच्या तोंडाला चालत परत येतात. मावशी लग्न होऊन आली त्या वर्षापासून चालत होती. एकही वर्ष चुकलं नव्हतं. आता तिचे दोन्ही गुडघे सुजलेले होते. बसली की उठताना काठीला दोन्ही हातांनी धरायची.

पहिल्याच दिवशी मामांनी मला सरळ सांगितलं होतं. "पाणी लागलं तर दुबळ्या मेंढ्या आन कोकरं घिऊन ही घरी ऱ्हाईल. न्हाई लागलं तर चालंल. कोजागरीच्या आत काय ते कळाय पायजे, बाबा. वाडा कुणासाठी थांबत न्हाई."

जागाही मावशीनंच दाखवली होती. जमिनीतलं पाणी बघणाऱ्या पाणाड्यानं नारळ हातावर ठेवून दुसरीकडं खूण केली होती, पण मावशीनं ती मानली नाही. "चैतात दुपारच्याला मेंढ्या हितंच यिऊन बसत्यात," ती म्हणाली. "त्यास्नी काय उगंच गारवा लागतुय व्हय?" भावकीतले लोक हसले होते. तेव्हा पाणी लागणं न लागणं हा तिच्या गुडघ्यांचा प्रश्न होता, आणि थोडा शब्दाचाही.

तिला मी कपलर दाखवला नसता तरच नवल. मशीन विहिरीच्या कडेला कापलेल्या टप्प्यावर उभं होतं. मी बकेट सोडली, ब्रेकर पकडला, उतरून पिन घातली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"दोन मिनिटं, मावशी. पूर्वी तासभर लागायचा. आता बटण दाबलं की झालं."

"आन ते खाली उतरून काय घातलंस?"

"सेफ्टी पिन."

"म्हंजे बटनावर तुझा बी इस्वास न्हाई," ती म्हणाली आणि शेळीला पाला टाकायला निघून गेली.

काम मात्र चांगलं चाललं. अष्टमीपर्यंत पंचवीसेक फूट खाली गेलो. वरची माती संपून मुरूम, मुरूम संपून काळा खडक लागला. पाण्याचा पत्ता नव्हता. पण अजून दिवस हातात होते, आणि मला खंडेनवमीला घरी जायचं होतं.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, माझी पान्यांची पेटी, बायकोची शिवणकामाची कात्री, आईचा अडकित्ता, सगळं देव्हाऱ्यासमोर मांडतात. एवढं मोठं मशीन काही दारात आणता येत नाही, म्हणून आदल्या वर्षी मी मशीनची किल्ली पूजेत ठेवली होती. ती आईला पसंत पडली नव्हती. "किल्लीनं खणतूस व्हय रं?" असं तिनं विचारलं होतं. तिच्या मते पूजेला लोखंड पाहिजे, काम केलेलं लोखंड. या वर्षी मी डोकं चालवलं. बकेट जमिनीवर टेकवून ठेवली, कपलरमधून सेफ्टी पिन उपसली, मशीनला झेंडूची माळ घातली आणि पिन पिशवीत टाकून मोटरसायकलवरून घर गाठलं.

आई खूश झाली. तिनं पिन चिंचेनं घासली, धुतली, हळद-कुंकू लावलं आणि पाटावर नव्हे, थेट देव्हाऱ्यात, देवांच्या शेजारी उभी करून ठेवली. इतकी वर्षं तेल आणि माती खाल्लेली पिन पितळेच्या देवांत अशी काही चमकत होती की शेजारची एक बाई दसऱ्याला सोनं द्यायला आली आणि नमस्कार करून गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. डबा घेतला, मोबाईलचा चार्जर घेतला, मावशीसाठी प्रसादाचं खोबरं घेतलं, मामांसाठी तंबाखू घेतली. कराडला चहा प्यालो, विट्याला पुन्हा प्यालो. बाराच्या सुमाराला विहिरीवर पोचलो, मशीन चालू केलं आणि नेहमीच्या सवयीनं कपलरखाली वाकलो. पिनेच्या भोकातून पलीकडचं आटपाडीचं आभाळ दिसत होतं.

इथं कुणीही शहाणा माणूस काय करील? सांगेल की पिन घरी राहिली, आजचा दिवस काम बंद. पण मी या दोघांना पंधरा दिवस कपलरवर प्रवचनं दिली होती. आता कुठल्या तोंडानं सांगणार? मी मामांकडून कुऱ्हाड मागितली, एक बाभळीची फांदी तोडली, पिनेच्या मापाची खुंटी तासली आणि भोकात ठोकली. गच्च बसली. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मावशी काठीवर हनुवटी टेकून बघत होती. "लोखंडाच्या जागी लाकूड का रं?"

"बाभळ म्हणजे लोखंडच, मावशी."

"मग लोखंडाचं कशाला करत्यात?"

"तो नुसता नियम असतो. खरं काम तेलाच्या दाबावर चालतंय."

हे मी एवढ्या खात्रीनं सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. माझ्या सेकंडहँड कपलरचा दाब अधूनमधून उतरतो, हे मला माहीत होतं. पिन असल्यामुळं त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं, एवढंच.

एक गोष्ट अकलेची झाली, खड्ड्यात कुणी उतरलं नाही. पण तेही श्रेय माझं नाही. मामा नेहमीप्रमाणं सुटे दगड गोळा करायला उतरायला निघाले होते. मावशीनं त्यांना हटकलं. "लाकडाखाली जाऊ नगा," ती म्हणाली, आणि मामा कुरकुरत वर बसले.

चौथी की पाचवी खेप असेल. बकेट दगडांनी भरून मी हात वर घेत होतो. ऊस मोडावा तसा एक आवाज आला. बकेट एका अंगाला कलंडली, जबड्याच्या पुढच्या आकड्यावर जरा वेळ लोंबकळली आणि गेली. मग जो आवाज झाला तो मला अजून छातीत ऐकू येतो. धूळ वर आली. कुत्री भुंकायची तेवढी भुंकली आणि गप्प झाली. धूळ बसल्यावर दिसलं, बकेट तळाच्या अरुंद चरात पालथी पडली होती, पकडायचे कान खाली आणि पाठ वर. कपलरनं उचलायची सोयच राहिली नव्हती.

मावशी काठी टेकत कडेला आली. खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "ह्याला किती मिन्टं म्हणाला हुतास?"

मी मशीन बंद करून टप्प्यावर बसलो. जिथं बकेट पडली होती, तिथंच रोज मामा वाकून दगड वेचत असत. ती जागा मी बघत राहिलो. मामा शेजारी येऊन बसले. त्यांनी तंबाखू मळली, अर्धी मला दिली. मी खात नाही, तरी घेतली. मग मी त्यांना सगळं खरं सांगितलं, देव्हाऱ्यासकट.

मामांनी विचार केला. "देवाजवळ हाय न्हवं? मग हरवायची न्हाई," ते म्हणाले.

मी घरी फोन लावला. आईनं उचलला. "हाय की हितंच. सकाळीच फूल वाहिलं. मला वाटलं, ठिवूनच गेलाईस वरीसभर."

"आई, ती लागणार आहे. कुणाकडनं तरी पाठव."

"कुणाकडनं कशाला? तुझी बायको ईल. ती नीट आणंल तरी."

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा बकेट उलटी करण्याच्या मागं लागलो. साखळी कपलरच्या कडीला अडकवायची, तिचं दुसरं टोक बकेटला बांधायचं, दोघांनी वर यायचं, मग मी मशीननं हळूहळू ओढायचं. माझ्या गाठी तीनदा सुटल्या. चौथ्यांदा मामांनी साखळी माझ्या हातातून घेतली आणि घोड्यावर बिऱ्हाड बांधतात तशी बकेटला बांधली. आकडा नाही, बोल्ट नाही, नुसता पीळ. बकेट एका झटक्यात कुशीवर आली. दुपारपर्यंत ती वर आणून ठेवली. कपलरबद्दल मला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा मामांना ओझ्याबद्दल जास्त माहीत होतं, आणि त्यांनी पंधरा दिवसांत त्यावर एक शब्द काढला नव्हता.

पण दीड दिवस गेला होता. वर आलो तर मावशी झोपडीच्या दारात पाय लांब करून बसली होती. शेजारी एक जुनं लुगडं पसरलं होतं आणि त्यावर ती एकेक वस्तू ठेवत होती. तवा, दोन पातेली, घोंगडी, तेलाची बाटली. बोचकं बांधत होती. तिनं मला बघितलं. तेलाची बाटली परत उचलली, थोडं तेल हातावर घेतलं आणि गुडघ्याला चोळायला लागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बायको दोनच्या सुमाराला आली. पाटण ते कराड, कराड ते विटा, विटा ते आटपाडी, तीन एस्ट्या, आणि पुढं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. पिशवीत भाकरी, ठेचा आणि टॉवेलात गुंडाळलेली पिन.

"कंडक्टरनं इचारलं, ताई, ह्यात काय हाय येवढं जड," ती मला म्हणाली. "म्हणलं, आमच्या मालकांची अक्कल. घरी ऱ्हायली हुती."

मावशी हसली. आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. दोघींचं तिथंच जमलं. बायकोनं बोचक्याकडं बघितलं, गुडघ्यांकडं बघितलं आणि मला म्हणाली, "बसू नगा. कामाला लागा." आणि स्वतः तेलाची बाटली घेऊन मावशीच्या पायाशी बसली.

पिनेला अजून कुंकू होतं. मी ब्रेकर पकडला, पिन घातली आणि केबिनमध्ये चढायला लागलो तर मागून मावशी म्हणाली, "हलवून दाव."

नियमच आहे तो. जोडल्यावर ब्रेकर असो की बकेट, जमिनीला टेकवून दाबायचं, दोनदा हलवायचं, मगच कामाला लागायचं. मला तो पाठ होता. मी हलवून दाखवलं.

"आनिक एकदा."

पुढं प्रत्येक अदलाबदलीला हेच. ती काठी टेकत यायची, वाकून पिन बघायची, हलवून दाव म्हणायची, मग मामांकडं मान हलवायची. तोपर्यंत मामा खाली पाऊल टाकायचे नाहीत. मी कुठल्याच साईटवर एवढा कडक सुपरवायझर बघितलेला नाही. तिच्या तपासणीत दोन मिनिटांच्या कामाला सात मिनिटं लागत. मी एकदा तसं म्हणून बघितलं. बायको म्हणाली, "आन लाकडाला दीड दिवस लागला."

त्रयोदशी गेली, चतुर्दशी गेली. खडक फुटत होता आणि कोरडा निघत होता. बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. येता-जाता सगळ्यांच्या पायात यायचं, पण कुणी ते बाजूला सरकवायचं नाही. कोजागरीच्या सकाळी वाड्यातली माणसं घोड्यांचे नाल बघून गेली. त्यातला एक विहिरीत डोकावला आणि मामांना म्हणाला, "वैनीला सांग, उद्या सकाळच्याला तयार ऱ्हा." मावशीनं ते ऐकलं आणि "व्हय" म्हणाली.

मी जेवलो नाही त्या दुपारी. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, जेवायला बसलो असतो तर समोर बोचकं होतं.

चार वाजले असतील. ब्रेकरचा आवाज बदलला. इतका वेळ कोरडा टणटण येत होता, तो बसका यायला लागला, ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. मी ब्रेकर सोडला, बकेट पकडली, पिन घातली, हलवून दाखवलं, आणिक एकदा दाखवलं. फुटलेली शिळा उचलली. खालच्या भेगेत काहीतरी काळं चकाकलं. मग करंगळीएवढी धार सुटली, तिरपी, दगडावरून घसरत. एवढीच. पण थांबेना.

मामा उतरले. ओंजळ भरेपर्यंत धारेखाली हात धरून बसले, प्यायले, तोंड पुसलं. मग म्हणाले, "गोड हाय."

मी मावशीकडं बघितलं. ती कडेला नव्हती. विहिरीत डोकावलीसुद्धा नव्हती. ती दाराशी गेली होती, खाली बसली होती, आणि बोचक्याची गाठ सोडत होती. गाठ मामांनी मारलेली होती, सहज सुटत नव्हती. माझी बायको पुढं झाली तर मावशीनं तिचा हात बाजूला केला. दातानं सोडली. तवा काढून चुलीजवळ नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीत ढोपरभर पाणी होतं. वाडा निघाला. पुढं मेंढरं, मग घोडी, मग माणसं. मामा सगळ्यात मागं होते. त्यांनी मावशीला कुठल्या मेंढीला काय चारायचं ते सांगितलं. तिला ते सगळं त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं, तरी तिनं ऐकून घेतलं. मग ते गेले. बायकोही त्यांच्याबरोबर डांबरी रस्त्यापर्यंत गेली, पुढं तिला एसटी धरायची होती.

मावशी माळाच्या कडेला उभी राहिली. तिच्या पायाशी सात-आठ लंगड्या मेंढ्या आणि थोडी कोकरं. लांब धूळ दिसत होती तोवर ती बघत होती. इतक्या वर्षांत ती त्या धुळीच्या आतून चालली होती, बाहेरून आज बघत होती. मला वाटलं, बाईचं मन रमवावं. म्हणून मी तिच्या शेजारी उभा राहून बोलायला लागलो. ब्रेकरचा आवाज बदलल्याबरोबर मला कसं कळलं, कपलर नसता तर कोजागरीच्या आत पाणी कसं लागलंच नसतं, आता कठडा कुठल्या दगडाचा बांधावा, मोटर किती पॉवरची घ्यावी. तिचं लक्ष दिसेना. मग मी जरा मऊ आवाजात म्हटलं, "मावशी, मेंढरांची लय आठवण येणार आता तुमाला."

"यील की," ती धुळीकडं बघतच म्हणाली. "वाट चुकली तरी येवढं बोलत न्हवती ती."